दुप्पट वेगानं ऐकणारी

"हं, लाव," नसीम म्हणाली आणि मी कॉम्प्युटरला तिसरा पेन ड्राइव्ह लावला.

मिरजेच्या आमच्या अंध मुलींच्या वसतिगृहात त्या दुपारी पेन ड्राइव्हची शर्यत चालली होती. नियम साधा होता. एकच भलंमोठं फोल्डर तिन्ही ड्राइव्हवर उतरवायचं, त्यात तीन वर्षांचा अभ्यास, नाटकं, गाणी, सगळा संसार, आणि नसीमच्या बोलत्या मोबाइलवर वेळ धरायची. कॉम्प्युटरही बोलका. पडद्यावर जे काही असेल ते तो एका मख्ख बाईच्या आवाजात सांगत राहतो. "दहा टक्के. अकरा टक्के." त्या बाईच्या घरी कुणी मेलं तरी ती असंच सांगेल, असं नसीम म्हणायची.

पहिला ड्राइव्ह संस्थेचा होता. टोपण हरवलेला, दोऱ्यानं बांधलेला. तो इतका रेंगाळला की आमचा चहा झाला, कपबशा विसळून झाल्या, नसीमची वेणी घालून झाली. दुसरा नसीमचा. तिच्या भावानं सांगलीच्या चांगल्या दुकानातून पावती-गॅरंटीसकट आणलेला, हाताला गार लागणारा, धातूचा. तो शहाण्या मुलासारखा एकाच चालीनं गेला. तिसरा माझा. बसस्टँडच्या बाहेर गाड्यावर घेतलेला, नखाएवढा, नसीमच्या निम्म्या किमतीत आणि जागा तिच्यापेक्षा चौपट, असं गाडेवाल्यानं छातीवर हात मारून सांगितलं होतं.

माझा सुरुवातीला नसीमच्या ड्राइव्हच्या बरोबरीनं चालला. मग मध्येच त्याच्या अंगात काय संचारलं कोण जाणे. टक्के सांगता सांगता त्या मख्ख बाईला दम लागायची वेळ आली. साठ, अडुसष्ट, ऐंशी, पूर्ण.

"अगं बाई, हा तर उडालाच," नसीम म्हणाली.

"बघ. निम्म्या पैशात. आणि तू भावाला सांगलीपर्यंत पिटाळलंस."

"पण वने, पळणारा माणूस शेवटी दमतो. हा शेवटी जास्तच पळाला."

"जळू नकोस."

"जळत नाही गं. तपास तरी एकदा."

मी तपासलं. खालचं बटण दाबत गेले आणि बाई एकेक नाव वाचत गेली. अर्थशास्त्र, इतिहास, मराठी, आणि सगळ्यात शेवटी समाजशास्त्र, प्रकरण एक, प्रकरण दोन, असं थेट अकरापर्यंत. सगळं जागेवर होतं. आम्ही दोघी कानांवर जगणाऱ्या, पण त्या दिवशी नावं ऐकून गप्प बसलो. लग्नपत्रिकेतली जेवणाची वेळ ऐकून ढेकर द्यावा, तसलाच प्रकार. मी ड्राइव्ह ओढणीच्या टोकाला बांधला आणि दुसऱ्या दिवशीची गावची एसटी धरली.

परीक्षेआधी वसतिगृह आठवडाभर बंद राहणार होतं, स्वयंपाकघराची फरशी उखडली होती म्हणून. नाहीतर मी घरी जाणाऱ्यातली नव्हते. बी.ए.चं शेवटचं वर्ष होतं आणि समाजशास्त्रात मी आधी एकदा सपशेल आपटले होते. या खेपेला गेला असता पेपर, तर वसतिगृहातली जागाही गेली असती, आणि मग गावच्या घरात कायमचं परत. बँकेत टेलिफोनवर बसायचं, स्वतःच्या पगारावर मिरजेत राहायचं, हे जे मी मनात मांडून ठेवलं होतं ते सगळं त्या एका पेपरवर टांगलेलं होतं. आज मी त्या टेलिफोनवर बसते, म्हणून हसून सांगता येतं.

घराची भीती वाटावी असं घरात काही नव्हतं. मारझोड नव्हती, उपासमार नव्हती. होती ती आई. मी सहा वर्षांची असताना दादांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, मला मिरजेच्या अंधशाळेत नेऊन सोडलं. आई सोडायला आली नाही, पुढंही कधी आली नाही. सुट्टीत घरी गेलं की ती ताट पुढं सरकवायची, "पाणी डाव्या हाताला हाय" म्हणायची आणि आत जायची. शेजारणींशी ती तासन्‌तास बोलते, हे मला भिंतीपलीकडून ऐकू यायचं. मी उंबऱ्यातून आत आले की तिचा आवाज बंद पडायचा. तिला माझी लाज वाटते, हे मी दहाव्या-अकराव्या वर्षीच ठरवून टाकलं होतं. ठरवल्यावर बरं वाटलं, असं मात्र नाही.

खरं सांगायचं तर परक्या बायकांचे आवाज मला आईपेक्षा जास्त ओळखीचे. आमच्या संस्थेत बँकेतले, शाळेतले, घरी रिकामे असणारे लोक येऊन आमची पुस्तकं वाचतात आणि ती रेकॉर्ड होतात. त्या बिचाऱ्यांना वाटतं, आम्ही त्यांचा आवाज कान देऊन ऐकतो. आम्ही त्यांना दुप्पट वेगानं पळवतो. समाजशास्त्र वाचणाऱ्या गुळवणीबाई कितीही भारदस्त वाचू देत, आमच्याकडं त्या चिमणीसारख्या चिवचिवत पोचतात. सवय झाली की साधं बोलणं ऐकवत नाही, माणसं उगाच ताणून बोलतायत असं वाटतं.

घरी पोचल्या दिवशी मी खाटेवर बसून ड्राइव्ह माझ्या छोट्या प्लेअरला लावला आणि समाजशास्त्र उघडलं. पहिलं प्रकरण झकास. दुसऱ्याच्या मध्यावर गुळवणीबाई एका वाक्यात थांबल्या. खोकल्या असतील म्हणून वाट बघितली. मग पुढं ढकलून बघितलं. तिसरं प्रकरण उघडलं, चौथं उघडलं, अकरावं उघडलं. नाव बरोबर यायचं, वेळ बरोबर यायची, आणि आत काहीच नाही. साधी खरखरसुद्धा नाही.

मी नसीमला फोन केला. ती जतला, तिच्या घरी होती. आधी खदाखदा हसली, मग समजावून सांगायला लागली.

"शेवटी का पळत होता कळलं का?" ती म्हणाली. "त्याच्यात तेवढी जागाच नाही. भरला तिथं भरला, पुढचं नाव तेवढं लिहून घेतलं आणि माल टाकून दिला. ओझं नाही म्हटल्यावर पळेल नाहीतर काय करेल."

"तुझ्या ड्राइव्हवर आहे ना सगळं?"

"आहे. पण मी येणार थेट पेपरच्या दिवशी. आणि माझ्या फोनवरनं एक गाणं जायला अर्धा दिवस लागतो, तुझी अकरा प्रकरणं कधी जायची?"

वसतिगृहाला कुलूप होतं. संस्थेचा फोन कुणी उचलेना. दादा ट्रक घेऊन हुबळीला गेले होते, ते परीक्षेच्या आदल्या रात्री येणार. मी प्लेअर खाटेवर टाकला आणि तिथंच बसून राहिले. रडू येत नव्हतं, स्वतःचा राग येत होता.

तेवढ्यात आई आली. तासगावकडं मार्च-एप्रिलात बायका बेदाणा निवडायला जातात, आईही जायची. ती दारात आली की आधी तो गोडूस आंबूस वास यायचा.

"काय झालं?" तिनं विचारलं. नेहमीप्रमाणं दारातूनच.

"काही नाही. अभ्यास बंद पडला."

"म्हंजे?"

मी दोन वाक्यांत तोडून सांगितलं. ती आत जाईल असं वाटलं होतं. ती गेली नाही.

"छापील बुक न्हाई का?"

पुस्तक होतं. कॉलेजच्या पुस्तकपेढीतून सगळ्यांना संच मिळतो, मलाही मिळाला होता. परत करायचा म्हणून मी तो पिशवीत वागवत होते, उशीखाली घ्यायला बरा होता. "आहे. त्याचं काय करू?"

"दे हिकडं. मी वाचती."

"तुला येतं?"

हे मी वाईट बोलले. तिनं हात धुतले, तांब्याचा आवाज आला, मग पदराला हात पुसत ती खाटेच्या दुसऱ्या टोकाला बसली.

"चौथी पास हाय मी," ती म्हणाली. "काढ कुठलं ते."

तिनं चौथीनंतर काही वाचलं असेल तर कॅलेंडर आणि खताच्या पोत्यावरचं नाव. अक्षर अक्षर जुळवत ती निघाली. "सा-मा-जि-क... सामाजिक. सं-र... सं-र-च... हे काय गं, संरचना?" एक वाक्य संपेपर्यंत त्याचं तोंड कुठल्या दिशेला होतं ते मी विसरायचे. दुप्पट वेगाची पोरगी मी, पहिल्या पानालाच मी खाटेवर बोटांनी ठेका धरायला लागले.

"आई, जरा भरभर."

"भरभर येत न्हाई मला. ऐकायचं तर ऐक."

इतकी वर्षं तिच्याकडून ऐकलेलं हे सगळ्यात लांब बोलणं असावं. मी ऐकलं.

दुसऱ्या दिवशी ती कामाला गेलीच नाही. सकाळी भाकऱ्या थापून झाल्या की पुस्तक घेऊन बसली. "बेदाण्याला जायचं नाही?" मी विचारलं, तर म्हणाली, "बेदाणा काय पळून जात न्हाई, तुझा पेपर जाईल." हळूहळू तिचं वाचन सरावलं. भरभर नाही झालं, पण पायाखालची वाट कळल्यासारखं झालं. आणि ती मध्येमध्ये पुस्तकाशी भांडायला लागली. कुटुंब म्हणजे काय याची पुस्तकानं अर्धं पान व्याख्या केली होती. ती संपवून आई म्हणाली, "हे सांगायला बुक लागतंय?" संयुक्त कुटुंबात सत्ता ज्येष्ठ पुरुषाच्या हाती असते, हे वाचून ती थांबली. "ह्यानं आमची आत्या बघितली न्हाई," म्हणाली आणि पुढं गेली.

आत्या म्हणजे माझी आजी. आईची सख्खी आत्या आणि तीच तिची सासू. घरची पोरगी घरात राहावी म्हणून भावाची मुलगी तिनं सून करून आणली होती. आमच्याकडं यात कुणाला काही विशेष वाटत नाही, निम्म्या गावाची लग्नं तशीच झालेली. आजी जाऊन तेव्हा चारेक वर्षं झाली होती.

त्या वाक्याला मी हसले. आईपण हसली. आम्ही दोघी एकाच गोष्टीला हसलो, हे माझ्या लक्षात आलं आणि तिच्याही आलं असावं, कारण ती लगेच मोठ्यानं पुढचं वाचायला लागली.

चौथ्या दिवशी दुपारी आम्ही विवाहाच्या प्रकरणात होतो. सातवं प्रकरण. विवाहाचे प्रकार, मग नात्यातले विवाह. मामाची मुलगी, आत्याचा मुलगा, हे सगळं पुस्तकात सापडल्यावर आई खूश झाली होती. "आमचंच लिवलंय की," म्हणाली. मग पुढचा परिच्छेद आला.

"'अशा... विवाहांत... पती आणि पत्नी... एकाच रक्ताचे... अस-ल्याने... त्यांच्या... सं-त-तीत... जन्मतः... ब-हि-रेपणा... किंवा... अं... अं-ध...'"

भरभर वाचणाऱ्याला पुढचं वळण आधी दिसतं. गुळवणीबाईंना दिसलं असतं, त्या सावरून गेल्या असत्या. आईला तसं येत नव्हतं. ती एकेक अक्षर उचलत त्या शब्दात शिरली आणि शब्द पुरा झाल्यावरच तो कुठला आहे ते तिला कळलं.

"'अंधत्व,'" ती म्हणाली. "'...येण्याची... शक्यता... वाढते.'"

मग ती थांबली. मी पुढच्या वाक्याची वाट बघत होते. बाहेर कुणीतरी हापसा मारत होतं, बादली भरली, ती माणसं निघून गेली.

"आई?"

"हे आत्याच्या घरात दिली, त्येचं लिवलंय?"

"हो. जवळच्या नात्यात लग्न झालं की होतं कधीकधी. सगळ्यांना नाही होत."

"बुकात हाय म्हंजे खरं असंल."

"खरं आहे. डॉक्टरही हेच सांगतात."

"मंग गिरान?"

"कसलं ग्रहण?"

ती बोलायला लागली ते पुस्तक वाचल्यासारखंच, एकेक शब्द उचलत. "तू पोटात व्हतीस. सहावा म्हैना लागला व्हता. दिवाळीतच गिरान आलं. आत्यानं मला आतल्या खोलीत बसवलं, दाराला घोंगडं लावलं. म्हणाली, हलायचं न्हाई, भाईर बघायचं न्हाई. सकाळच्या पारी अंधारल्यागत झालं. भाईर समदी पोरंटोरं वरडत व्हती, बघा बघा म्हणत व्हती. मी अठरा वर्साची. मी घोंगड्याचा कोपरा वर केला आणि बघितलं. लई न्हाई. एवढंसं."

मी तोंड तिच्या आवाजाकडं वळवलं.

"तुला दिसत न्हाई असं कळलं तवा मीच रडत आत्याला सांगितलं. ती म्हणाली, तू बघितलंस आणि पोरीनं फेडलं. त्येच्यानंतर कुणी काय बोललं न्हाई. बोलायची गरजच न्हवती." तिनं श्वास घेतला. "तुझ्याम्होरं बसलं की मला वाटायचं, आत्ता इचारंल ही. आई, तू का बघितलंस. म्हणून मी बसायचीच न्हाई."

मला वाटत होतं तिला माझी लाज वाटते. पंधरा वर्षं मी तिच्या नावानं जे काही मनात साठवलं होतं, ते कुठं ठेवावं मला कळेना.

"ग्रहणाचा काही संबंध नाही, आई. कुणी कितीही बघितलं तरी पोटातल्या पोराचे डोळे जात नाहीत."

"न्हाई?"

"नाही. शप्पथ."

"तुला हे म्हाईत व्हतं? ह्ये बुकातलं?"

"हो. शाळेत दर वर्षी डॉक्टर यायचे. आईवडील नात्यातले का, म्हणून विचारायचे. मी हो म्हणायचे."

"आणि ह्यास्नी?"

"दादांना मिरजेच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं. मी तिथंच होते, सात-आठ वर्षांची."

"मंग मला कसं कुणी सांगितलं न्हाई?"

हे तिनं रागानं विचारलं असतं तर बरं झालं असतं. तिनं अगदी साधं विचारलं. मी म्हटलं, "मला वाटलं, तुला माहीत असेल." ते खरंच होतं, पण उत्तर म्हणून ते मलाच पुरलं नाही.

ती रडली. आवाज न करता रडायची तिला चांगली सवय असणार, पण माझ्याशेजारी बसून तसं रडता येत नाही, मला श्वासातलंही ऐकू येतं. मी खाट चाचपत तिच्याकडं सरकले. तिच्या गुडघ्याला हात लागला. तिनं तो धरून ठेवला. बेदाणे निवडून निवडून तिच्या बोटांची टोकं खरखरीत झाली होती, हे मला त्या दिवशी कळलं.

मग ती म्हणाली, "वने, तुला अंधार दिसतो का गं?"

हा प्रश्न मला रस्त्यावरची माणसं विचारतात. रिक्षावाले विचारतात. आईनं एकवीस वर्षांत पहिल्यांदा विचारला.

"अंधारही दिसत नाही."

"मंग काय असतंय तिथं?"

"तुझ्या पाठीला काय दिसतं?"

तिनं विचार केला. खरोखरच पाठीनं बघायचा प्रयत्न केला असावा, कारण खाट किंचित करकरली. "काय बी न्हाई," ती म्हणाली.

"बस, तेवढंच. दुखत नाही, भीती वाटत नाही."

"भीती वाटत न्हाई?"

"रस्ता ओलांडताना वाटते. ती तुलाही वाटत असेल."

ती हसली, नाक ओढत. आणि मग तिचं सुरूच झालं. तुला स्वप्नात काय येतं. कपडे कुठले चांगले हे कसं कळतं. माझं तोंड कसं असंल असं वाटतं तुला. मी म्हटलं, कधी हात लावू दिलास तर सांगेन. तिनं माझा हात उचलून स्वतःच्या गालावर ठेवला. तो ओला होता. मग म्हणाली, "वसतिगृहात पहिल्या रात्री रडलीस का?"

"रडले."

"मी बी," ती म्हणाली. "यायला निघाली व्हती मी तवा. चप्पल घालून दारात हुभी ऱ्हायली, आणि गेली न्हाई."

ती पुढचं विचारत गेली आणि मी सांगत गेले, दोघी खाटेवर पाय वर घेऊन. मध्येच मी म्हटलं, "आई, आठवं प्रकरण राहिलंय." ती म्हणाली, "वाचूया की," आणि पुस्तक उपडं घालून तिनं आणखी काहीतरी विचारलं. दिवेलागणीला शेजारची सुमनकाकू हाक मारून गेली, आज घरात एवढं काय चाललंय बघायला. आईनं तिला दारातूनच परत पाठवलं. उरलेल्या दोन दिवसांत नवव्यापासून अकराव्यापर्यंत कसंबसं झालं. आठवं शेवटी बघू म्हणून मागं ठेवलं होतं, ते तसंच राहिलं.

पेपरला आमची उत्तरं आम्ही सांगायची आणि शेजारी बसलेल्या लेखनिकानं लिहायची, अशी पद्धत असते. मला अकरावीतली एक चुणचुणीत मुलगी मिळाली होती. तिनं प्रश्नपत्रिका वाचून दाखवली. कुटुंबाची व्याख्या आली, संरचना आली, नात्यातल्या विवाहांवर टीप आली. मी सांगत गेले आणि तिचं पेन धावत राहिलं. शेवटचा प्रश्न मोठा होता, भरपूर गुणांचा, अख्खा आठव्या प्रकरणावर. तिनं तो दोनदा वाचला. पेन कागदावर टेकवून वाट बघितली, मग हळूच विचारलं,

"ताई, ह्याचा अभ्यास नाही झाला का?"

"नाही झाला," मी म्हणाले. "सोड तो. त्या दिवशी आई बोलत होती."